पैनगंगेच्या काठावरचे शुल्कखाते : करोडगिरी नाक्यापासून जीएसटीपर्यंत

उमरखेडहून हदगावच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात पैनगंगेचा पूल येतो. राष्ट्रीय महामार्ग ३६१ वरची वाहने तो न थांबता ओलांडतात. इकडे यवतमाळ जिल्हा, तिकडे नांदेड, आणि दोन्ही महाराष्ट्राचेच. १९४८ पर्यंत मात्र ही नदी दोन राजवटींची, दोन नाण्यांची आणि दोन शुल्कखात्यांची सीमा होती. अलीकडे वऱ्हाडात कलदार रुपया आणि इंग्रजी कायदा, पलीकडे हाली सिक्का आणि निजामाची करोडगिरी. म्हणून सीमाशुल्क आणि उत्पादन शुल्क या खात्यांचा इतिहास मुंबईच्या गोदीपासूनच सांगायला हवा असे नाही. तो उमरखेडच्या वेशीवरूनही सांगता येतो, आणि माझ्या मते अधिक नीट सांगता येतो. सरकार माल कुठे गाठते आणि त्यावरचा पैसा कुठे वसूल करते, ती जागा काळाबरोबर सरकत गेली. आधी नदीचा उतार, मग शेतातला तंबाखू, मग कारखान्याचे फाटक आणि आता संगणकावरचे बीजक. जागा सरकली तसे खाते बदलले, त्याची पदे बदलली, अधिकाऱ्याचे रोजचे कामही बदलले. यांतली बहुतेक रूपे आपल्या भागाने जवळून पाहिली आहेत.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात तो कायमच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे गेला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. उमरखेड तेव्हा पुसद तालुक्यात होते. पुसद तालुका आधी वाशीम जिल्ह्यात होता, तो १९०५ च्या फेररचनेत यवतमाळकडे आला. कागदावर वऱ्हाडचे स्वामित्व निजामाकडेच राहिले, पण कारभार इंग्रजांचा. म्हणजे पैनगंगेचे दोन्ही काठ नावाने एकाच राजाचे असूनही मालाला मात्र नदी ओलांडताना परक्या मुलुखात शिरल्यासारखे शुल्क द्यावे लागे.

हैदराबाद संस्थानात हे शुल्क गोळा करणाऱ्या खात्याला करोडगिरी म्हणत. १८०२ च्या व्यापारी तहापासून ब्रिटिश मुलखातून येणाऱ्या मालावर शेकडा पाच हा दर ठरलेला होता. आयातीप्रमाणे संस्थानाबाहेर जाणाऱ्या मालावरही शुल्क होते. सीमेवरच्या वाटांवर करोडगिरीचे नाके असत. गाडी थांबवायची, ओझे उलगडायचे, मालाची किंमत ठरवायची आणि पावती फाडायची, एवढे काम. ऐकायला ते सोपे वाटते. पण ज्याची सोयरीक नदीपलीकडे, ज्याचा बाजार नदीपलीकडे, त्या शेतकऱ्याला आणि छोट्या व्यापाऱ्याला नाका म्हणजे रोजचा अडसर होता. किंमत ठरवण्याचा अधिकार नाक्यावरच्या माणसाच्या हाती होता आणि तक्रार ऐकणारा वरिष्ठ फार दूर बसलेला. सीमाशुल्काच्या कोणत्याही व्यवस्थेतला सर्वांत नाजूक सांधा हाच आहे. पुढे सीमाशुल्क कायद्यात मूल्यांकन, अपील आणि न्यायाधिकरण यांवर इतकी कलमे का लागली, याचे उत्तर अशा नाक्यांवर सापडते.

करोडगिरीच्या जोडीला संस्थानाची आबकारी होती. शिंदी, ताडी आणि दारू यांचा ठेका हा निजामाच्या तिजोरीचा मोठा आधार होता. १९४७-४८ च्या हैदराबाद मुक्तिसंग्रामाने नेमका याच दोन खांबांवर घाव घातला. शिंदीची झाडे तोडणे, जंगल सत्याग्रह, सक्तीच्या लेव्हीला विरोध आणि करोडगिरीच्या नाक्यांवर हल्ले हे त्या लढ्याचे ठरलेले कार्यक्रम होते. वऱ्हाडच्या हद्दीत, निजामाच्या पोलिसांचा आणि रझाकारांचा हात सहज पोहोचणार नाही अशा ठिकाणी, लढ्याचे सीमावर्ती कॅम्प उभे राहिले. उमरखेड हे त्यांपैकी एक ठिकाण. शिंदीचे झाड तोडणे हे वरवर पाहता दारूविरोधी काम होते; खरे तर ते सरकारी उत्पन्नाच्या मुळावर घातलेली कुऱ्हाड होती. नाका जाळला की वसुली थांबे आणि सीमा अर्थशून्य होई. शुल्कखाते ही राजसत्तेची सर्वांत उघड खूण असते, हे त्या कार्यकर्त्यांनी अर्थशास्त्र न शिकता ओळखले होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद भारतात आले आणि पुढे आर्थिक एकीकरणाच्या ओघात करोडगिरीही इतिहासजमा झाली.

आता अलीकडच्या काठाकडे येऊ.

इंग्रजी मुलखातही मालावरच्या कराची कहाणी अन्यायापासूनच सुरू होते. मिठावरच्या करासाठी कंपनी सरकारने आणि नंतर राणीच्या सरकारने देशाच्या पोटातून काटेरी कुंपणाची सीमा आखली होती. सिंधूपासून महानदीच्या बाजूपर्यंत सुमारे २,३०० मैल पसरलेल्या या अंतर्गत कस्टम रेषेवर १८६९ च्या सुमारास जवळपास १२,००० माणसे पहाऱ्याला होती. ही रेषा वऱ्हाडच्या उत्तरेकडून, बुऱ्हाणपूरच्या बाजूने जात असे. १८७९ मध्ये ती मोडली, पण मिठावरचा कर १९४७ पर्यंत राहिला.

कापसाच्या या मुलखाला दुसरा घाव अधिक लागला. १८९६ मध्ये देशी गिरण्यांत विणलेल्या कापडावर साडेतीन टक्के उत्पादन शुल्क बसवले गेले. सरकारला पैसा हवा होता हे कारण खरे नव्हते. आयात होणाऱ्या विलायती कापडावर जकात बसते, तर तेवढाच भार इकडच्या गिरण्यांवरही पडावा, असा लँकेशायरच्या गिरणीमालकांचा आग्रह होता. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ पासून चालू होती. वऱ्हाडात कापूस पिकवायचा, नागपुरात कापड विणायचे आणि मँचेस्टरच्या सोयीसाठी कर भरायचा, असा तो हिशेब होता. तीस वर्षांच्या विरोधानंतर हे शुल्क डिसेंबर १९२५ मध्ये स्थगित झाले आणि १९२६ मध्ये रद्द झाले. उत्पादन शुल्क या साधनाचा भारतातला पहिला मोठा वापर देशी उद्योगाला दाबण्यासाठी झाला, ही गोष्ट खात्याच्या इतिहासात ठळक अक्षरांत लिहायला हवी. स्वतंत्र भारताने हेच साधन पंचवार्षिक योजनांना पैसा पुरवण्यासाठी वापरले, म्हणून तर ती अधिकच लिहायला हवी.

दारूचे खाते प्रांताकडे होते. मध्य प्रांताचा आबकारी कायदा १९१५ चा. मोहफुलांची दारू, दुकानांचे ठेके, अफू आणि गांजाचे परवाने हे सारे त्याखाली. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाचे लोण वऱ्हाडात आले, तेव्हा अकोला जिल्ह्यात दहीहंड्याला खाऱ्या विहिरींच्या पाण्यातून मीठ काढले गेले. आपल्या भागात तशी सोय नव्हती. म्हणून १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगलातले गवत कापून कायदा मोडला. मिठाचा कर असो की जंगलाची बंदी, राग एकाच गोष्टीचा होता: निसर्गाने दिलेल्या वस्तूच्या दारात सरकारने उभे केलेल्या पहाऱ्याचा.

१९३८ साल मात्र निराळ्या कारणाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी मध्य प्रांत-वऱ्हाडच्या सरकारने दारूबंदीचा कायदा केला आणि त्याच वर्षी पेट्रोल व वंगणाच्या किरकोळ विक्रीवर कर बसवला. केंद्राने हरकत घेतली की, हे उत्पादन शुल्कच आहे आणि ते बसवण्याचा अधिकार आमचा. प्रकरण नव्याने स्थापन झालेल्या फेडरल कोर्टापुढे गेले. त्या न्यायालयापुढचे हे पहिलेच प्रकरण. सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर, न्यायमूर्ती सुलेमान आणि आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांनी प्रांताच्या बाजूने मत दिले. उत्पादन शुल्क वस्तू तयार होण्याशी बांधलेले असते. ती वस्तू दुकानात विकली जाताना घेतलेला कर वेगळा, असा त्याचा गाभा. पुढची जवळजवळ ऐंशी वर्षे केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा विक्रीकर यांच्यामधली भिंत याच विचारावर उभी राहिली. ज्या प्रांताच्या कायद्यावरून हा निकाल लागला, त्यात उमरखेड होते, हे आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही.

केंद्राचे खाते खऱ्या अर्थाने खेड्यात शिरले ते दुसऱ्या महायुद्धात. साखर आणि आगपेट्या यांवर १९३४ पासून शुल्क होतेच. १९४३ मध्ये तंबाखूवर ते आले आणि मीठ व इतर शुल्कांचे विखुरलेले कायदे एकत्र करून २४ फेब्रुवारी १९४४ चा केंद्रीय उत्पादन शुल्क व मीठ कायदा झाला. आजही हा दिवस खात्यात केंद्रीय उत्पादन शुल्क दिन म्हणून पाळतात. तंबाखूने खात्याचे रूप बदलून टाकले. साखर कारखान्यात तयार होते, तंबाखू शेतात. म्हणून निरीक्षकाला शेतापर्यंत जावे लागले. कोणी किती लावला, पाने किती निघाली, सुकवल्यावर वजन किती भरले, कोणत्या गोदामात गेला, विडीसाठी की खाण्यासाठी, प्रत्येक टप्प्याची नोंद आणि प्रत्येक हालचालीला परवाना. आपल्याकडे कापसापुढे तंबाखूचे पीक किरकोळ होते. खरा भार गुजरात, आंध्र आणि निपाणी-सांगली पट्ट्यावर पडला. तरी या पद्धतीने एक गोष्ट देशभर रुजवली: सायकलवरून गावोगाव फिरणारा, वजनकाटा आणि रजिस्टर घेऊन येणारा केंद्र सरकारचा माणूस. त्याआधी खेड्यातल्या माणसाला केंद्र सरकार भेटत असे ते पोस्टात आणि रेल्वे स्टेशनावर. उमरखेडला तर रेल्वेही नव्हती. कच्च्या तंबाखूवरचे शुल्क १९७९ मध्ये उठले आणि निरीक्षकाची शेतातली फेरी संपली.

स्वातंत्र्यानंतरची मांडणी समजून घ्यायची तर राज्यघटनेची सातवी अनुसूची उघडावी लागते. परदेशातून येणाऱ्या-जाणाऱ्या मालावरचे सीमाशुल्क केंद्राचे. देशात तयार होणाऱ्या मालावरचे उत्पादन शुल्क, जीएसटी येईपर्यंत, केंद्राचे. पण माणसाने पिण्याची दारू, अफू आणि गांजा-भांग यांवरचे शुल्क राज्याचे. ही विभागणी १९३५ च्या कायद्यातून आली आणि घटनेने ती ठेवली. त्यामुळे आपल्याकडे ‘एक्साइजवाला’ म्हणून ओळखले जाणारे दोन वेगवेगळे अधिकारी आहेत, वेगळ्या सरकारचे, वेगळ्या कायद्याचे. सामान्य माणसाची गल्लत होते ती स्वाभाविक आहे. ही विभागणी त्याला कुणी कधी समजावूनच सांगितलेली नाही.

केंद्राच्या बाजूला १९२४ पासून एकच महसूल मंडळ होते. १९६३ च्या कायद्याने त्याचे दोन भाग झाले आणि १ जानेवारी १९६४ पासून प्रत्यक्ष करांचे एक व उत्पादन-सीमाशुल्कांचे एक अशी दोन मंडळे काम करू लागली. मंडळाखाली विभागवार मुख्य आयुक्त, त्यांच्या खाली आयुक्तालये, त्याखाली डिव्हिजन आणि सर्वांत शेवटी रेंज. रेंजवर अधीक्षक आणि त्याच्या हाताखाली निरीक्षक. ही खरी पायरी आहे. वरची सगळी रचना अपील, तपासणी आणि धोरण यांसाठी. करदात्याला रेंजच्या पलीकडचे कार्यालय बहुधा वाद झाल्यावरच दिसते. विदर्भाचा कारभार नागपूर क्षेत्रातून चालतो. विदर्भातून निर्यात होणारा माल सीमाशुल्कासाठी नागपूरला अजनीच्या कंटेनर डेपोत तपासला जाऊ शकतो; समुद्रकाठापर्यंत जाऊन तिथल्या रांगेत उभे राहण्याची गरज नाही. सोन्याची आणि मालाची मोठी चोरटी आयात शोधण्यासाठी ४ डिसेंबर १९५७ रोजी महसूल गुप्तवार्ता संचालनालय निघाले. समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना सीमाशुल्क परके वाटते, पण सराफाच्या दुकानात हे खाते एकदा फार कठोरपणे शिरले होते.

जानेवारी १९६३ मध्ये, चीनच्या युद्धानंतर, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले. चौदा कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचा दागिना घडवायचा नाही. पुढे १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा झाला. सराफाला परवाना, सोनाराला दाखला, साठ्याचे रजिस्टर, आणि हे सारे तपासायला केंद्रीय उत्पादन शुल्क खात्याचे निरीक्षक. देशभर हजारो सोनारांचा धंदा बसला. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या भट्टीपुढे गेल्या त्यांनी मुलांना दुसऱ्या कामाला लावले. सोन्याची चोरटी आयात थांबली नाही आणि कायदा १९९० मध्ये रद्द झाला. खात्याच्या चुकीच्या निर्णयांची यादी केली तर मी हा पहिल्या ओळीत लिहीन. तिजोरीला फारसे काही मिळाले नाही आणि हातात कला असलेला माणूस गुन्हेगाराच्या रांगेत उभा राहिला.

जीएसटी येईपर्यंत उमरखेड तालुक्यात केंद्रीय उत्पादन शुल्काचा सर्वांत मोठा पत्ता म्हणजे पोफाळी. तिथला वसंत सहकारी साखर कारखाना हा या भागातल्या ऊस उत्पादकांच्या हिमतीचे फळ. पुढे इसापूर धरणाच्या पाण्याने उसाला आधार दिला. साखरेवरचे शुल्क पोत्यावर मोजायचे आणि पोते फाटकातून बाहेर पडण्याआधी वसूल झाले पाहिजे, हा मूळ नियम. जुन्या पद्धतीत कारखान्यातच अधिकाऱ्याची नेमणूक असे. गोदामाला दोन कुलपे, एक कारखान्याचे आणि एक सरकारचे. माल काढायचा तर आधी अर्ज, मग अधिकाऱ्यासमोर मोजणी, मग जीपी-१ हा गेटपास. १९६८ पासून स्वयंनिर्गम पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली: कारखान्याने आपला माल आपणच मोजावा, शुल्क पीएलए खात्यातून वळते करावे, आरजी-१ मध्ये रोजचा साठा लिहावा आणि महिन्याचे आरटी-१२ विवरण रेंजला पाठवावे. एप्रिल १९९४ पासून गेटपास गेला आणि कारखान्याचे बीजकच पुरेसे झाले. या बदलाचे वजन फार थोड्यांनी ओळखले. सरकारने कुलूप काढले आणि कारखान्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. हिशेब खोटा निघाला तर शिक्षा कडक, पण विश्वास आधी. भारतीय कर प्रशासनातले हे मोठे वळण मला जीएसटीइतकेच महत्त्वाचे वाटते. जीएसटी त्यावरच उभा आहे.

साखरेबरोबर निघणारी मळी मात्र दुसऱ्या दाराने जाते. मळीपासून मद्यार्क निघतो, म्हणून तिच्या साठ्यावर आणि वाहतुकीवर राज्य उत्पादन शुल्काचे नियंत्रण. एका गाळप हंगामात, एकाच आवारात, साखरेच्या पोत्यांसाठी केंद्राचा निरीक्षक आणि मळीच्या टाकीसाठी राज्याचा निरीक्षक असा कारभार अनेक वर्षे चालला. मळीपासून होणाऱ्या औद्योगिक मद्यार्कावर हक्क कुणाचा, हा वाद तर २३ ऑक्टोबर २०२४ पर्यंत लांबला. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक मताने राज्यांचा नियंत्रणाचा अधिकार मान्य केला. पोफाळीच्या कारखान्याचे धुराडे मध्यंतरी काही हंगाम थंड राहिले. त्या काळात तालुक्याचा रोजगार तर बुडालाच. शिवाय शुल्काच्या वहीतले एक मोठे पानही कोरे राहिले. करवसुलीचा आकडा म्हणजे शेवटी कुणाच्या तरी कष्टाचे मोजमाप असते, हे अशा वेळी कळते.

१९८६ च्या मॉडव्हॅटने कच्च्या मालावर भरलेल्या शुल्काची वजावट सुरू केली. २००० मध्ये ती सेनव्हॅट झाली, १९९४ पासून सेवाकर आला, आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर. केंद्रीय उत्पादन शुल्क आता तंबाखू आणि पाच पेट्रोलियम पदार्थांपुरते उरले. मंडळाचे नावही २०१८ मध्ये केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळ झाले. करदाते केंद्र आणि राज्यात वाटले गेले: वर्षाला दीड कोटीच्या आतल्या उलाढालीचे नव्वद टक्के राज्याकडे, दहा टक्के केंद्राकडे, त्यावरचे निम्मे-निम्मे. एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल आले. गाडी अडवून कागद पाहायचा तो आता गाडी निघण्याआधीच पोर्टलवर भरलेला असतो. साखरेवर पाच टक्के, आणि मळीवरचा कर ऑक्टोबर २०२३ मध्ये अठ्ठावीसवरून पाचवर आणण्याचा निर्णय झाला, ज्याचा फायदा थेट ऊसवाल्याच्या पट्टीपर्यंत पोहोचायला हवा.

सारे असे टेबलावर आले, पण एक खाते अजून नदीकाठीच उभे आहे. ते दारूचे.

राज्य उत्पादन शुल्काचा आजचा कायदा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९. मुंबई प्रांतात तो आधीच होता. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ आणि मराठवाडा मुंबई राज्यात आले, तेव्हा पैनगंगेच्या अलीकडे मध्य प्रांताचा १९१५ चा कायदा आणि पलीकडे हैदराबादचा १३१६ फसलीचा आबकारी कायदा चालू होता. १९५९ च्या विस्तार कायद्याने दोन्ही काठ एका कायद्याखाली आले. नावात दारूबंदी आणि प्रत्यक्षात परवान्यांची व्यवस्था, हा विरोधाभास तेव्हापासूनचा. १९७३ च्या देशी दारू नियमांनी तो पक्का केला. घटनेचे ४७ वे कलम नशाबंदीकडे बोट दाखवते आणि राज्याच्या तिजोरीला अलीकडच्या वर्षांत या खात्याकडून वीस हजार कोटी रुपयांच्या वर मिळतात. या ओढाताणीत निरीक्षक उभा असतो.

खात्याची उतरंड अशी: मुंबईत आयुक्त, विभागांना उपआयुक्त, जिल्ह्याला अधीक्षक, मग निरीक्षक, दुय्यम निरीक्षक, सहायक दुय्यम निरीक्षक आणि जवान. जिल्ह्यात परवान्याचा शेवटचा शब्द जिल्हाधिकाऱ्यांचा. देशी दारूच्या सीएल-३ दुकानापासून एफएल-३ परमिट रूमपर्यंत प्रत्येकाचे रजिस्टर, साठा आणि वेळ तपासणे हे एक काम. हातभट्टी शोधणे हे दुसरे आणि अवघड. उमरखेड तालुक्यात पैनगंगा अभयारण्याचा, बिटरगावकडचा ‘बंदी’ नावाने ओळखला जाणारा भाग आहे. सहस्रकुंडच्या बाजूला नदीचे खोल पात्र आहे. पुढे किनवट आणि त्यापलीकडे तेलंगणाची सीमा. नाल्याच्या कडेला पुरलेले ड्रम, त्यात मोहाचा सडवा, वर पालापाचोळा. पथक पोहोचेपर्यंत माणूस पसार. कलम ६५ खाली गुन्हा नोंदवायचा, सडवा जागेवर ओतून द्यायचा, पंचनामा करायचा, वारंवार सापडणाऱ्याकडून कलम ९३ चे चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र घ्यायचे. महिन्याभराने तोच नाला, तोच वास. हे काम पोर्टलवर होत नाही.

त्यात मोहाच्या बाबतीत खात्याने बराच काळ सरसकट संशय ठेवला हेही लिहिले पाहिजे. मोहफूल हे आदिवासींचे अन्न आहे, विकून चार पैसे मिळवण्याचे साधन आहे आणि देवाधर्मात त्याला जागा आहे. टोपलीभर फुले घरी ठेवली की दारूचा कच्चा माल म्हणून त्यांकडे पाहिले जाई. २०२१ मध्ये राज्याने मोहफुलांच्या साठ्यावरचे व वाहतुकीवरचे निर्बंध शिथिल केले. तो निर्णय उशिरा आला, पण योग्य आला.

शेजारच्या जिल्ह्यांचा दाबही यवतमाळवर पडतो. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ होती. बंदीच्या जिल्ह्याला लागून असलेल्या परवान्याच्या जिल्ह्यातून माल सरकतो, आणि दोष दोन्हीकडच्या निरीक्षकांवर येतो. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आतली दुकाने बंद करायला सांगितली, पुढे २०१७ मध्ये नगरपालिका हद्दीला त्यातून मोकळीक मिळाली. प्रत्येक आदेशानंतर मीटरपट्टी घेऊन रस्त्यावर उतरला तो हाच कर्मचारी.

या खात्याच्या इतिहासात सर्वांत जास्त आदराने ज्यांचा उल्लेख व्हावा असे मला वाटते, त्या खात्यात नोकरीला नव्हत्या. यवतमाळ जिल्ह्यातल्या गावोगावच्या बायकांनी दारूचे दुकान बंद करण्यासाठी सह्या गोळा केल्या, ग्रामसभेत उभ्या राहिल्या, अधीक्षकांच्या कार्यालयासमोर बसल्या. २००८ च्या आदेशाप्रमाणे २५ टक्के महिलांनी मागणी केली की सह्यांची पडताळणी होते आणि मतदान लागते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. आडव्या बाटलीला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते पडली तरच दुकान बंद होते. मतदानाला आलेल्यांच्या निम्मी पुरत नाहीत. मजुरीला गेलेली, ऊसतोडीला गेलेली बाई यादीत असते आणि तिचे न आलेले मत उभ्या बाटलीच्या बाजूला मोजल्यासारखे होते. ही अट अन्यायाची आहे. मतदानाला आलेल्या महिलांच्या बहुमतावर निर्णय व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरचे शुल्क वाढवताना या खात्यासाठी ७४४ नवी पदे आणि पर्यवेक्षणाची ४७९ पदे, मिळून १,२२३ पदे मंजूर केली. नियंत्रण कक्षात बसून आसवन्यांवर नजर ठेवण्याची यंत्रणाही येणार आहे. ती यावीच. पण यांतली काही माणसे नाल्याकाठच्या गावांपर्यंत पोहोचली नाहीत, तर महसूल वाढेल आणि सडवा तसाच राहील. खात्याचे यश मोजताना कोटींच्या आकड्याबरोबर किती गावांतली हातभट्टी कायमची बंद झाली हा आकडाही दरवर्षी छापला जावा.

या स्मरणिकेच्या वाचकांना एक विनंती. उमरखेड, पुसद, महागाव आणि नदीपलीकडे हदगाव-हिमायतनगर भागातल्या जुन्या घरांत करोडगिरीची पावती, हाली रुपयातला हिशेब, सोनाराचा दाखला, तंबाखूचा परवाना, जीपी-१ चे स्थळप्रत पुस्तक किंवा दारूविरोधी सह्यांचा कागद असा कुठलाही दस्तऐवज असेल, तर तो रद्दीत घालू नये. आपल्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात त्याची प्रत द्यावी आणि शक्य असेल तर मूळ कागद पुराभिलेख संचालनालयाच्या नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथील कार्यालयात जमा करावा. सरकारी दप्तरात वसुलीचे आकडे मिळतात; ज्याने ते पैसे भरले त्याची बाजू या कागदांतच आहे.